ब्रेकची हवा काढायचा हातपंप: गोव्याच्या खाऱ्या हवेत कितपत कामाचा?

दुचाकीच्या डिस्क ब्रेकमधली हवा काढण्यासाठी ऑनलाइन एक हातपंपाचा संच विकला जातो. पिस्तुलाच्या आकाराचा पंप, त्यावर काटा, दोन छोट्या बाटल्या, नळीचे चार-पाच तुकडे आणि रबरी टोप्यांची एक पुडी, असं सगळं प्लास्टिकच्या पेटीत खाचा पाडून बसवलेलं असतं. पेटीवर कंपनीचं नाव एक तर नसतं, नाही तर विक्रेत्यागणिक बदलतं. आतला माल मात्र एकाच साच्यातला वाटावा असा. एकट्याने करा, झटपट करा, मेस्त्रीची गरज नाही, असा त्याचा गाजावाजा.

निकाल आधीच सांगून टाकू. वस्तू टाकाऊ नाही, पण तिचा खरा उपयोग चारचाकीला. कारमध्ये पेडल दाबणारा आत बसतो आणि निपल, म्हणजे हवा-तेल बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू, उघडणारा चाकापाशी, म्हणून दोन माणसं लागतात. पंप ती अडचण सोडवतो. मोटरसायकलला ती अडचणच नाही. एका हातात लिव्हर, दुसऱ्यात पाना, आणि दोन्ही एकाच माणसाच्या आवाक्यात. मागच्या ब्रेकला तर पेडल आणि कॅलिपर (डिस्कला पॅडने आवळणारा भाग) आणखीच जवळ. घरी एक-दोन दुचाकी असतील आणि राहणं गोव्यात असेल, तर त्याच पैशातून एक ५० मिलीची सिरिंज, सिलिकॉन ग्रीसची ट्यूब, कॅलिपरचं सील किट आणि ताजं ब्रेक ऑइल घेतलेलं बरं. इकडे ब्रेक बिघडतो तो बहुतेक वेळा हवेने नव्हे, मिठाने.

आधी पेटी उघडू. पंपाचं अंग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचं असेल तर घ्यावं. पूर्ण प्लास्टिकचं असेल तर दट्ट्याची दांडी वाकडी चालते आणि थोड्याच दिवसांत हवा गळू लागते. काट्यावर दोन मापं असतात, एक इंच पाऱ्याचं आणि दुसरं सेंटिमीटरचं किंवा बारचं. आल्याबरोबर तपासणी करावी ती अशी: नळीचं तोंड अंगठ्याने बंद करून काटा २० इंचांवर आणायचा आणि मिनिटभर बघत राहायचं. काटा जागचा हलता कामा नये. हलला तर चोर बहुतेक बाटलीच्या झाकणात असतो. झाकणातली रबरी रिंग पिळवटून बसलेली असते. काढून, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवून परत बसवली की काम होतं. तरीही गळत असेल तर पेटी परत पाठवावी, दुरुस्त करत बसू नये.

बाटलीच्या झाकणाला दोन तोंडं असतात. एका तोंडाला आतल्या बाजूने नळीचा एक बोटभर तुकडा लावायचा असतो, म्हणजे कॅलिपरकडून येणारं तेल थेट तळाशी पडतं. हा तुकडा पेटीत सुटा येतो, आणि तो कशासाठी हे माहितीपत्रकात धडपणे लिहिलेलं नसतं. तो न लावता किंवा उलट्या तोंडाला लावून पंप चालवला की तेल बाटलीत थांबतच नाही, सरळ पंपात जातं. आतलं रबर त्या तेलासाठी बनवलेलं नसेल तर फुगतं आणि पंप कायमचा जातो. बाटली अर्ध्याच्या वर भरू न देणं आणि आडवी न करणं, ही दोन पथ्यंही त्याच कारणासाठी. "दोनदा वापरला आणि बंद पडला" अशी तक्रार ऐकली, की बहुधा हेच झालेलं असतं.

आता पंपाची खरी मेख. निपल पाव फेरा सैल केला की तेलाला वाट मिळते, पण निपलच्या आट्यांतूनही वाट मोकळी होते. लिव्हर दाबून तेल काढताना दाब आतून बाहेर असतो, त्यामुळे आट्यांतून फार तर थेंबभर तेल पाझरतं. पंप मात्र बाहेरून ओढतो. मग तो आट्यांमधून बाहेरची हवा ओढून घेतो आणि नळीत बारीक बुडबुड्यांची माळ लागते. ती संपतच नाही. माणूस तेल ओतत राहतो, १०० मिलीची बाटली रिकामी होते आणि बुडबुडे जसेच्या तसे. ती हवा ब्रेकमधली नसतेच. उपाय दोन. निपल पूर्ण काढून आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप दीड-दोन वेढे गुंडाळायची, मात्र टोकाचा शंकू आणि त्याच्या वरचं आडवं भोक उघडं ठेवून. किंवा निपलच्या बुडाशी सभोवार जाडसर सिलिकॉन ग्रीस थापायचं. टेपचा धागा आत गेला तर तो कुठे अडकेल याचा नेम नाही, म्हणून ग्रीस बरं. एवढं करूनही शेवटचे पाच-सहा झटके लिव्हरनेच मारायचे, आणि हवा संपली की नाही हे नळी बघून नव्हे, लिव्हरचा टणकपणा बघून ठरवायचं.

याउलट सिरिंज. औषधाच्या दुकानात ५० मिलीची मिळते, सुई नको. नळी म्हणून माशांच्या काचपेटीला हवा सोडायची असते ती घ्यावी. तिचा आतला व्यास ४ मिमी असतो, गरम पाण्यात टोक बुडवून मऊ केलं की निपलवर घट्ट चढते. सलाइनची नळी बारीक पडते, निपलवर चढत नाही आणि चढवली तर फाटते. सिरिंजमध्ये ताजं तेल भरून, तोंड वर करून टिचक्या मारून हवा काढायची, नळी काठोकाठ भरेपर्यंत थोडं तेल पुढे सारायचं, मग निपलवर बसवून निपल उघडायचा आणि सावकाश दाबायचं. तेल खालून वर चढतं आणि हवेला मुळात वरच जायचं असतं. सिरिंजचा दोष एकच. दट्ट्याचं रबर या तेलात फुगतं, दोन-तीन वापरांत अडकायला लागतं. फेकून नवी घ्यावी, फुगलेली जोर लावून ढकलू नये. नळी निसटून तेल डोळ्यांत उडतं. आणि वरची ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहू नये म्हणून आधी तिच्यातलं जुनं तेल काढून घ्यायचं.

पंप खरोखर कामाला येतो तो सगळी लाइन कोरडी असेल तेव्हा. होज पाइप बदलला, मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी तेलाला दाब देणारा भाग) उघडला, कॅलिपर सुटा करून सील घातले, अशा वेळी नुसता लिव्हर मारून तेल खाली उतरायला फार वेळ लागतो, कधी उतरतच नाही. पंपाने दोन-चार ओढींत काम होतं. गॅरेजला किंवा चार-सहा गाड्या भाड्याने देणाऱ्याला म्हणूनच तो परवडतो. घरच्याला अशी वेळ पाच-सहा वर्षांतून एकदा.

आता मिठाकडे. पणजी, म्हापसा, वास्को, मडगाव, कुठेही समुद्र फार लांब नाही, आणि वारा खारा. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चोडणला जाणाऱ्या फेरीच्या रँपवर भरतीच्या वेळी चाकाला खारं पाणी लागतं ते निराळंच. सर्वांत हाल मासळी वाहणाऱ्या गाड्यांचे: मागे क्रेट बांधलेला, त्यातून बर्फाचं खारट पाणी थेंब थेंब मागच्या कॅलिपरवर. डिचोली-सत्तरीकडे खारेपणा कमी, तर तिकडे लाल माती. ती पावसात डिस्क आणि पॅड यांच्यामध्ये पॉलिशपेपरासारखी चालते आणि पॅड एका पावसाळ्यात निम्मे होतात.

हे मीठ तीन ठिकाणी बसतं. पहिली जागा कॅलिपरच्या सरकपिना. बहुतेक दुचाक्यांचा कॅलिपर तरंगता असतो; पिस्टन एकाच बाजूला, आणि तो दाबला गेला की अख्खं कॅलिपर दोन पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून घेतं. पिना गंजल्या की सरकणं थांबतं आणि एकाच पॅडला सगळं काम करावं लागतं. ओळखायची खूण सोपी: पिस्टनकडचा पॅड झिजून १ मिमीवर आलेला आणि समोरचा जवळजवळ नवा. अशा गाडीची कितीही हवा काढा, ब्रेक सुधारणार नाही. पंपाच्या नावाने बोटं मोडणारे बरेच जण मुळात या पिनांचे पीडित असतात.

काम तासाभराचं. कॅलिपरचे दोन बोल्ट काढायचे; गाडीप्रमाणे १२ किंवा १४ मिमीचे असतात, काहींना अॅलन की लागते. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नये, दोरीने शॉकअपला बांधावं. कॅलिपर ब्रॅकेटपासून हाताने ओढून सुटं करायचं, पिनांवरचं जुनं, काळं, डिंकासारखं झालेलं ग्रीस पुसायचं. गंज असेल तर हजार नंबरच्या पॉलिशपेपरने, पाणी लावून. खड्डे पडले असतील तर पिना बदलायच्या. रबरी बूट साबणाच्या पाण्याने धुवून वाळवायचे, फाटलेला एकही परत घालायचा नाही. मग प्रत्येक पिनेला वाटाण्याच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस. जास्त लावल्याने भलं होत नाही. बुटात हवा आणि ग्रीस कोंडून पीन मागे ढकलली जाते. चाकाचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल तर अजिबात नको. पेट्रोलियमचं काहीही लागलं की हे रबर फुगून मऊ पडतं. रॉकेल, डिझेल आणि पेट्रोलने ब्रेकचे भाग धुणं ही खोडही त्याच माळेतली, आणि ती मात्र चांगल्या चांगल्या मेस्त्रींना असते.

दुसरी जागा सीलची खाच. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी रिंग असते. ब्रेक दाबताना ती पिस्टनबरोबर किंचित पिरगळते आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क मोकळी होते ती एवढ्याशा हालचालीने, तिथे स्प्रिंग वगैरे काही नसते. खाच अॅल्युमिनियमची. ओल आणि मीठ गेलं की तिच्यात पांढरी भुकटी साठते, ती रिंगला बाहेर ढकलते, रिंग पिस्टनला आवळून धरते, आणि पिस्टन मागे सरकेनासा होतो. मग पॅड डिस्कला घासत राहतो, मायलेज पडतं, डिस्क तापते. डिस्कला बोट लावून बघू नये. पाण्याचा थेंब टाकावा, चर्र झालं तर समजावं. पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं की दीड-दोन फेरे तरी सहज फिरायला हवं. हलकी खरखर चालते.

खाच साफ करायची तर पिस्टन बाहेर काढावा लागतो. कॅलिपर डिस्कवरून काढून, पॅड काढून, समोर लाकडाची पट्टी धरून लिव्हर मारत राहिलं की पिस्टन आपोआप बाहेर येतो. टायरवाल्याकडच्या हवेने उडवणं हा झटपट मार्ग आहे आणि बोट चिरडण्याचाही. सील दोन असतात: आतली जाड ती दाब धरणारी, बाहेरची पातळ ती धूळ अडवणारी. काढायला आणि खाच खरवडायला स्क्रू ड्रायव्हर किंवा टोकदार तार लावू नये. खाचेला एक ओरखडा पडला की तिथून तेल पाझरणार. यासाठी माडाच्या हिराच्या काडीइतकं चांगलं हत्यार नाही. घरच्या केरसुणीतली एक जाड काडी घ्यायची, टोक तिरपं कापायचं, ती खाचेच्या कोपऱ्यात नेमकी बसते, भुकटी सोलून काढते आणि अॅल्युमिनियमला काही होत नाही. दंतमंजनाचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा फवारा, स्वच्छ कापड. पिस्टनवर गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर पिस्टन नवा. नव्या सीलला फक्त ताजं ब्रेक ऑइल लावायचं आणि पिस्टन अंगठ्यांनी सरळ दाबत बसवायचा. तिरपा गेला तर तिथेच थांबून परत काढायचा. सील किट गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून घ्यावं. दोन गाड्यांचे कॅलिपर दिसायला जुळे असले तरी पिस्टनचा व्यास वेगळा निघतो.

तिसरी जागा खुद्द निपल. तो पोलादी, कॅलिपर अॅल्युमिनियमचं, आणि निपल पोकळ. त्याच्यावर एक चिमुकली रबरी टोपी असते. पहिल्या-दुसऱ्या सर्व्हिसिंगमध्ये ती हरवते आणि कोणी परत लावत नाही. मग पावसाचं पाणी त्या भोकात साचतं, निपल आतून गंजतो आणि नेमका हवा काढायच्या दिवशी तुटतो. म्हणून पाना नेहमी ८ मिमीचा रिंग पाना (काही गाड्यांना ७ किंवा १० लागतो), चिमटा पाना नको. गंज सोडवणारा फवारा आदल्या रात्री मारून ठेवायचा, डोक्यावर हलके ठोके द्यायचे, आधी किंचित घट्ट करून बघायचं, मग सैल करायचं. टोपी घेताना चार घ्याव्यात आणि लावताना आत ग्रीसचा ठिपका ठेवावा. या सगळ्या लेखातली सर्वांत स्वस्त शिफारस हीच.

ब्रेक ऑइलबद्दल. टाकीच्या झाकणावर जे लिहिलं असेल ते. आजच्या बहुतेक दुचाक्यांना डॉट ४; डॉट ही या तेलाची प्रत. कोरड्या, ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. पण बघायचा आकडा दुसरा आहे, तेलात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यानंतरचा: अनुक्रमे १४०, १५५ आणि १८०. हे तेल हवेतली ओल ओढून घेतं आणि गोव्यात ओलीला तोटा नाही. चोर्ला किंवा अनमोडचा घाट दोघं बसून, सामान बांधून, मागचा ब्रेक दाबत दाबत उतरलं की मुरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ दबते, तेल दबत नाही. म्हणून पेडल एकाएकी खाली जातं आणि तासाभराने थंड झाल्यावर पुन्हा ठीक लागतं. मोतुल आरबीएफ ६०० सारखं रेसिंगचं तेल कोरडं असताना ३१२ आणि ओलं असताना २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पण पणजी-फोंडा रोजच्या फेऱ्यांना त्याची चैन कशाला? साधं डॉट ४ वेळेवर बदलणं पुरतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं तेल आहे. नाव सारखं असलं तरी जात वेगळी, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत घालू नये. डॉट ५.१ मात्र डॉट ४ च्याच जातीचं.

कंपन्या साधारण दोन वर्षांनी तेल बदलायला सांगतात. किनारपट्टीवर वर्षाने बदलावं, आणि ते दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. लोक मिरगाच्या आधी घाईघाईने किंवा चवथीच्या तोंडावर करून घेतात. चवथीला गाडी चकाचक हवी हे खरं, पण भर श्रावणात टाकीचं झाकण अर्धा तास उघडं ठेवणं म्हणजे नव्या तेलाला पहिल्याच दिवशी पाणी पाजणं. पिना आणि पॅड मात्र पाऊस ओसरल्यावर लगेच बघावेत. बाटली १०० मिलीचीच घ्यावी. पुढच्या ब्रेकला एक पुरते, पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क असेल तर दोन. अर्धा लिटरची स्वस्त पडते म्हणून घेऊन उरलेलं कपाटात ठेवणं हा तोट्याचा व्यवहार, फोडलेली बाटली पुढच्या वर्षी वापरायची नसते. रंगावरून फार निष्कर्ष काढू नयेत. बिनदुधाच्या चहासारखं झालं असेल तर बदलायलाच हवं, पण फिकट आहे म्हणजे कोरडं आहे असं नाही.

आता पंप घेतलाच असेल तर तो चालवायचा कसा. गाडी मेन स्टँडवर, हँडल असं वळवलेलं की टाकी सपाट राहील आणि मास्टर सिलिंडर सगळ्यांत उंच. पेट्रोलच्या टाकीवर जाड कापड आणि हाताशी पाण्याचा तांब्या. हे तेल रंग खातं, पण पाण्यात विरघळतं. सांडलं की पुसू नका, आधी पाणी ओता. झाकणाचे स्क्रू हा पहिला सापळा. जपानी घडणीच्या गाड्यांत त्यांची खाच नेहमीच्या चौफुली ड्रायव्हरशी तंतोतंत जुळत नाही, त्यात खारी हवा लागून ते जाम झालेले असतात. ड्रायव्हर बसवून त्याच्या मुठीवर हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा आणि मग अंगाचा भार टाकून फिरवायचं. एकदा खाच गोल झाली की मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही.

टाकीतलं जुनं तेल सिरिंजने काढा, तळाचा गाळ कापडाने टिपा, वरच्या रेघेपर्यंत नवं भरा. हे न करता ओढायला सुरुवात केली तर सगळा गाळ लाइनमधून फिरवून आणावा लागतो. रिंग पाना आधी निपलवर, नंतर नळी. पंप दाबून काटा १५ ते २० इंचांवर, निपल पाव फेरा उघडा, काटा ५ वर येण्याआधी बंद करा. दुचाकीची टाकी इवलीशी असते. दर दोन ओढींनंतर बघून भरायची. ती एकदा रिकामी झाली की सगळं काम पहिल्यापासून. ६० ते ८० मिली गेल्यावर नळीत स्वच्छ रंग दिसू लागतो. मग पंप काढून ठेवा आणि जुनी पद्धत: लिव्हर दोन-तीनदा मारून दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. क्रम चुकला की काढलेली हवा परत आत.

निपल आवळायचा जोर ५ ते ६ न्यूटन मीटर, म्हणजे पाना दोन बोटांत धरून. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत कॅलिपरच्या बोल्टांना ३०, होजचं टोक बसवणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला ३४ न्यूटन मीटर असतो; तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधून घ्या. बँजो उघडला असेल तर तांब्याचे दोन्ही वॉशर नवे. झाकणाखालचा रबरी पडदा खाली ओढला गेलेला असतो, तो घड्या नीट घालून, कोरडा करून बसवायचा, स्क्रूंना १.५ न्यूटन मीटर पुरे, इथे जोर दाखवायचा नाही.

सगळं करूनही लिव्हर मऊच लागत असेल तर कॅलिपरकडे नव्हे, वर बघा. मास्टर सिलिंडरशी होज जिथे जोडलेला असतो ती बँजोची कमान म्हणजे हवेचं माहेरघर. पंप खालून ओढतो, ती हवा तिथेच वर अडकून राहते. लिव्हर अर्धा-पाऊण सेंटिमीटरच, भराभर, हलके हलके दाबत राहिलं की टाकीत बारीक बुडबुडे येताना दिसतात. रात्रभर लिव्हर हँडलला आवळून बांधून ठेवायचा तोडगाही पुष्कळदा लागू पडतो. लिव्हर टणक लागून मग दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे तेलाचा थेंब नसेल, तर ती हवा नाही. मास्टर सिलिंडरमधला वॉशर गेला, किट बदला. आणि गाडी चालवता चालवता ब्रेक आपोआप आवळत जाऊन निपल सैल केल्यावरच सुटत असेल, तर टाकीच्या तळाचं सुईच्या टोकाएवढं परतीचं भोक बुजलंय. तापलेलं तेल फुगतं आणि त्याला परत जायला वाट नसते. इथे कॅलिपर बदलून काही होत नाही.

एबीएसबद्दल थोडक्यात. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते बंधनकारक आहे. टाकी रिकामी होऊ न देता नुसतं तेल बदलायचं असेल तर घरी बिनधास्त करावं. लाइन उघडून एबीएसच्या डब्यात हवा शिरली तर पुष्कळ गाड्यांना आतल्या झडपा उघडायला कंपनीचं स्कॅनर लागतं. तिथे ना हा पंप उपयोगाचा, ना सिरिंज. सिरिंजने खालून वर तेल चढवणंही एबीएसच्या गाडीत टाळावं, कॅलिपरमधला गाळ थेट त्या डब्यात जातो. त्याच कारणाने नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबायचा तो निपलला नळी लावून, उघडून. घाण तेल वर न जाता बाहेर पडतं. दाबण्याआधी पिस्टनचा उघडा भाग साबणाच्या पाण्याने घासून स्वच्छ करायला विसरू नका.

गुण द्यायचे तर पंपाला पाचपैकी तीन, तेही धातूचा असेल आणि काटा टिकवत असेल तर. सिरिंज आणि नळीच्या जोडीला चार. पंप वापरून झाल्यावर बाटल्या पाण्याने धुवून उन्हात कडकडीत वाळवा, दट्ट्याला सिलिकॉन तेलाचा एक थेंब द्या आणि पेटीत ओल शोषणारी एखादी पुडी टाका, नाही तर पुढच्या पावसाळ्यात काट्याची काच आतून धुरकटेल. काढलेलं जुनं तेल झाकणाच्या बाटलीत भरून गॅरेजवर द्या. ते पाण्यात मिसळतं, तेव्हा माडाच्या आळ्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. आणि गाडी स्टँडवरून खाली घेण्याआधी लिव्हर आणि पेडल टणक लागेपर्यंत मारा: पिस्टन मागे ढकलून पॅड बसवलेले असतात, पहिला दाब रिकामा जातो, आणि पुष्कळ घरांच्या फाटकाबाहेर थेट उतार असतो.